‘हो, फादर!’

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध काका रुग्णालयातून घरी परतले आणि दुसऱ्याच दिवशी औषधांची पिशवी व डॉक्टरांचा कागद घेऊन माझ्याकडे आले. मुलगा आणि सून कामावर गेलेली, कागद इंग्रजीत. मी चष्मा लावून तो वाचला आणि त्यांना नीट समजावून सांगितले : रक्तदाबाची जुनी गोळी आता बंद, तिच्याऐवजी ही नवी, रोज सकाळी एक. शेवटी विचारले, “कळलं ना, काका?” काका म्हणाले, “हो, फादर.”

बाराव्या दिवशी काका केळीच्या वाडीत, विहिरीच्या काठापासून चार हातांवर, भोवळ येऊन पडलेले सापडले. ते नवी गोळी घेत होते आणि जुनीही घेत होते. ‘तिच्याऐवजी’ हा माझा शब्द त्यांच्या कानांपर्यंत पोहोचलाच नव्हता, की पोहोचूनही त्याचा ‘तिच्याबरोबर’ झाला होता, देव जाणे. परमेश्वराच्या कृपेने काका वाचले. त्यांच्या खाटेपाशी बसून मी जरा रागानेच म्हणालो, “काका, कळलं नव्हतं तर विचारायचं नाही का?” ते ओशाळून म्हणाले, “फादर, तुम्ही एवढं समजावून सांगत होता. परत कसं विचारायचं?”

‘परत कसं विचारायचं?’ हे वाक्य त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेले नाही. चौकशी केली तेव्हा कळले, की रुग्णालयातील डॉक्टरांनीही घरी पाठवताना त्यांना हेच सांगितले होते, आणि त्यांनाही काकांनी होकारच दिला होता. दोन शिकल्यासवरल्या माणसांनी स्पष्ट शब्दांत सांगितले, दोघांनाही होकार मिळाला, आणि माणूस मरता मरता वाचला. मग दोष कोणाचा? माझे काही मित्र म्हणतात, काकांचा. त्यांनी नीट ऐकले नाही. मला येथे ठामपणे म्हणावयाचे आहे, की दोष काकांचा नव्हता. तो सांगणाऱ्यांचा होता, आणि त्यांत मी पहिला.

“आजकाल कोणी ऐकतच नाही” ही तक्रार आपल्या समाजात सर्वांच्या तोंडी आहे. धर्मगुरू एकत्र जमले, की प्रापंचिकांबद्दल तीच बोलतात. शिक्षक मुलांबद्दल बोलतात, सासवा सुनांबद्दल, बाप तरुण मुलांबद्दल. “मी शंभरदा सांगितलं” हे तर आपल्या घरांतील ठरलेले पालुपद. या तक्रारीच्या मुळाशी बोलण्याविषयीची एक समजूत दडलेली आहे. तिच्यानुसार बोलणे म्हणजे टपाल. सांगणाऱ्याने आपला अर्थ शब्दांच्या लिफाफ्यात बंद करायचा, ऐकणाऱ्याच्या हाती ठेवायचा आणि पोचपावतीवर सही घ्यायची. ‘हो, फादर’ ही ती सही. सही मिळाली, की सांगणारा जबाबदारीतून मोकळा.

वाचकहो, ही समजूत साफ चुकीची आहे. ती केवळ चुकीची असती तर मी लेखणी उचलली नसती. ती घातक आहे, आणि आपण तिला सद्गुणाचा पोशाख चढवला आहे. निमूटपणे ऐकणाऱ्याला आपण नम्र म्हणतो, पुन्हा विचारणाऱ्याला उद्धट म्हणतो. हा न्याय उलटा आहे.

प्रथम शब्दांचाच विचार करू. निरोप घेताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. पण यजमान दार उघडे ठेवून आपली वाट पाहत बसत नाही. ‘परवा’ हा आपला शब्द गेलेला दिवसही दाखवतो आणि येणाराही. तो कोणता, हे क्रियापद आल्यावर कळते. मुलीकडच्यांना ‘बघू’ असा निरोप आला, की तो नकार आहे हे शहाण्याला सांगावे लागत नाही, आणि नवख्याला मात्र सहा महिने कळत नाही. लिफाफ्यात जे घातलेलेच नाही ते दुसऱ्या बाजूला बाहेर निघते, ते कसे? इंग्रज तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९६७ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत याचे उत्तर दिले. बोलणारा आणि ऐकणारा एका समाईक कामात गुंतलेले आहेत असे दोघेही गृहीत धरतात, आणि त्या गृहीतकाच्या बळावर ऐकणारा न उच्चारलेले ताडतो. म्हणजे अर्थ हा एकट्या बोलणाऱ्याच्या हातचा नाही. त्याचा निम्मा भाग ऐकणाऱ्याच्या घरी तयार होतो.

आमच्या आजीला हे ग्राइसशिवाय ठाऊक होते. संध्याकाळची रोझरी आटोपली, की ओटीवर गोधडी पसरून ती आम्हा नातवंडांना गोष्ट सांगे. तिची एकच अट असे : हुंकार द्यायचा. आमचा ‘हं’ थांबला, की गोष्टही थांबे. “झोपलास काय रे?” आम्हाला वाटे, ती आमची झोप तपासते. आज उमगते, की हुंकाराशिवाय तिला गोष्ट सांगताच येत नसे. कॅनडातील व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या जॅनेट बव्हेलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आजीच्या बाजूने साक्ष देतो. आपण एखाद्या संकटातून थोडक्यात कसे वाचलो, ही हकिगत माणसांना समोरच्या अनोळखी श्रोत्याला सांगायला लावली. काही श्रोत्यांना मात्र गुपचूप वेगळेच काम दिले होते : हकिगतीत अमुक एका अक्षराने सुरू होणारे शब्द मोजत राहा. हे श्रोते समोर बसले होते, शब्द न् शब्द त्यांच्या कानांवर पडत होता. पण हकिगतीच्या ओघात योग्य जागी दचकणे, हळहळणे, ‘अरेरे’ म्हणणे त्यांना जमेना. परिणाम असा झाला, की सांगणाऱ्यांचीच गोष्ट बिघडली. ऐन शेवटाशी ती अडखळली, सांगणारे उगाच स्पष्टीकरणे देत राहिले. गोष्ट स्वतःच्या आयुष्यातली, तरीही ऐकणाऱ्याने साथ सोडताच ती नीट सांगता येईना. ऐकणारा हा गोष्टीचा भागीदार असतो तो असा.

संभाषणाचे शास्त्र जन्मले तेही मोठे बोधप्रद आहे. ते कोणा वक्त्याच्या व्यासपीठावर जन्मले नाही. १९६३-६४ च्या सुमारास हार्वे सॅक्स नावाचा तरुण अमेरिकन अभ्यासक लॉस एंजेलिस येथील आत्महत्या-प्रतिबंधाचे काम करणाऱ्या केंद्रात होता. संकटात सापडलेल्या माणसांनी मदतीसाठी केलेल्या दूरध्वनींच्या नोंदी तो वाचत असे. कर्मचारी आरंभी आपले नाव सांगे, म्हणजे पलीकडचा माणूसही आपले नाव सांगेल अशी अपेक्षा. एका नोंदीत पलीकडचा म्हणाला, ऐकू आले नाही. कर्मचाऱ्याने नाव पुन्हा सांगितले, पलीकडच्याने ते पुन्हा उच्चारले, आणि तेवढ्यात त्याने स्वतःचे नाव सांगण्याची पाळी निघून गेली. सॅक्सच्या ध्यानात आले, की येथे ‘ऐकू आले नाही’ हे वाक्य कानांविषयी नसावे. नाव न सांगता बोलत राहण्याची ती एक वाट होती.

या नोंदीने मला माझ्या काकांचा ‘हो’ समजावून दिला. तो ‘हो’ समजल्याची पावती नव्हता. ‘फादर, तुमचा वेळ घेतला, आता निघतो,’ असा त्याचा अर्थ होता. आणि माझा प्रश्न तरी प्रश्न होता काय? ‘कळलं का?’ असे विचारले तर दार निदान किलकिले राहते. ‘कळलं ना?’ या शब्दांत ते आधीच लावून घेतलेले असते. त्या एका ‘ना’ मध्ये आपण उत्तर स्वतःच देऊन ठेवतो आणि समोरच्याने त्यावर फक्त मान डोलवायची असते. ‘नाही कळलं’ म्हणणाऱ्याला एकाच वेळी दोन गोष्टी कराव्या लागतात : आपले अज्ञान कबूल करायचे आणि फादरला खोटे पाडायचे. सत्तरीतला, आयुष्यभर देवळात खाली मान घालून बसलेला माणूस हे करील काय?

आता माझ्या विरोधकांचा पहिला आक्षेप. ते म्हणतात, “फादर, प्रत्येकाला मध्ये विचारायची मुभा दिली तर शिस्त कुठे राहील? सगळा बाजार होईल.” बाजारच होईल, पण माझ्या विरोधकांनी बाजार कधी कान देऊन ऐकलेला दिसत नाही. सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी १९७४ साली साध्या गप्पांच्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवून दिले, की कोणी अध्यक्ष नसताना, घंटा नसताना, बहुतेक वेळ एका वेळी एकच माणूस बोलतो आणि पाळी एकाकडून दुसऱ्याकडे विनासायास जाते. २००९ साली तान्या स्टायव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील दहा भाषा तपासल्या. प्रश्न संपणे आणि उत्तर सुरू होणे यांतील अंतर सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाचा पाचवा हिस्सा. चित्रातल्या वस्तूचे साधे नाव उच्चारायलाही माणसाला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. याचा अर्थ ऐकणारा समोरच्याचे वाक्य संपण्याची वाट पाहत नाही. ते कुठे संपणार याचा अंदाज घेत तो आधीच उत्तराची जुळणी करू लागलेला असतो. मासळीबाजारात भाव करणाऱ्या दोन बायांमध्ये ही शिस्त चालू असते. आमच्या कित्येक सभांपेक्षा ती कडक आहे. मुक्यांच्या सभेत शिस्त असते असे म्हणणाऱ्याने शिस्त आणि शांतता यांत गल्लत केली आहे.

दुसरा आक्षेप : “आपल्या लोकांचा स्वभावच गप्प राहण्याचा आहे.” हा तर धादांत अन्याय आहे. हेच काका संध्याकाळी ओटीवर सोबत्यांत बसतात तेव्हा ऐका. “आँ? काय म्हणालास?” “कोण, तो वरच्या आळीतला?” “म्हणजे तुला म्हणायचंय, जमीन विकली?” एकामागून एक प्रश्न चालू असतात. भाषाशास्त्रज्ञ मार्क डिंगेमान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली बारा भाषांतील सहज संभाषणे तपासून सांगितले, की माणसे सरासरी दर दीड मिनिटाच्या आत एकदा तरी परस्परांना अडवून दुरुस्ती मागतात. न समजणे हा अपघात नसून रोजचा व्यवहार आहे, आणि त्याची दुरुस्ती हाही रोजचा व्यवहार आहे. त्यांना आढळलेली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. विचारणारा शक्य तेथे नुसते ‘आँ?’ म्हणून थांबत नाही. ‘कोण?’ असे नेमके विचारणे शक्य असेल तर तेच विचारतो. त्याहून पुढे जाऊन ‘म्हणजे अमुकच ना?’ असे विचारता आले तर तसे विचारतो. म्हणजे दुसऱ्याचे श्रम वाचावेत म्हणून तो होता होईल तेवढा भार आपल्या खांद्यावर घेतो. पुन्हा विचारणारा उद्धट? मला तर त्याच्या ठायी शेजारधर्म दिसतो. दर दीड मिनिटाला प्रश्न विचारणारा हा माणूस आमच्या कचेरीच्या पायऱ्या चढतो आणि अर्धा तास एकही प्रश्न विचारत नाही. मग तो स्वभावाने मुका, की आमच्या दारात आल्यावर मुका होतो?

तिसरा आक्षेप मात्र अधिक गंभीर आहे आणि तो माझ्याच बांधवांकडून येतो. “आपले काम सत्य घोषित करण्याचे आहे. स्पष्ट घोषणा केली, लोकांनी लक्षपूर्वक ऐकली, की झाले.” लक्षपूर्वक ऐकणे पुरेसे असते काय? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात हर्बर्ट क्लार्क आणि डीना विल्क्स-गिब्ज यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन माणसे, मध्ये पडदा, दोघांपुढे सारख्याच बारा चित्रविचित्र आकृत्या. एकाने वर्णन करायचे, दुसऱ्याने त्या क्रमाने आकृत्या मांडायच्या. पहिल्या फेरीत एकेका आकृतीला लांबलचक वर्णन लागे, मध्ये प्रश्न येत, दुरुस्त्या होत. सहाव्या फेरीपर्यंत दोघांचे असे काही जमून येई, की दोनतीन शब्दांत काम भागे. त्या शब्दांचा अर्थ दोघांनी मिळून घडवलेला होता. पुढे १९८९ साली मायकल शोबर आणि क्लार्क यांनी त्यात तिसरा माणूस आणला, चोरून ऐकणाऱ्यासारखा. त्याला प्रत्येक शब्द अगदी आरंभापासून ऐकवला, मात्र बोलायची परवानगी नव्हती. त्यालाही तेच काम दिले. बोलण्यात सामील असलेल्या जोडीदाराच्या मानाने त्याच्या चुका जास्त झाल्या. शब्द तेच, भाषा तीच, लक्षही तेवढेच. उणीव एवढीच, की त्याला अडवता येत नव्हते.

तीस वर्षे दर रविवारी मी ज्यांच्यापुढे उभा राहतो, ते माझे धर्मग्रामस्थ हा तिसरा माणूस आहेत. ते शब्द न् शब्द ऐकतात आणि त्यांना अडवता येत नाही. सेमिनरीत आम्हाला प्रवचनशास्त्र शिकवले गेले : आरंभ कसा करावा, दाखला कुठे द्यावा, आवाज कधी खाली आणावा. श्रोत्याला काय समजले हे कसे शोधावे, याचा एकही तास झाल्याचे मला आठवत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनेतली लॅटिन गेली आणि आपली मराठी आली, हे मी देवाचे मोठे वरदान मानतो. माझी आजी लॅटिन मिस्सा चालू असताना मणी ओढीत बसे. मला निदान माझ्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलता येते. पण आपण भाषा बदलली, दिशा बदलली नाही. बोलणे तेव्हाही एकाच बाजूने वाहत होते, आजही तसेच वाहते. आम्हा धर्मगुरूंची मराठी तरी कोणती? ‘देहधारणा’, ‘प्रायश्चित्त’, ‘पवित्रीकरण’. घरी बोली बोलणाऱ्या म्हातारीला ही मराठी लॅटिनपेक्षा कितीशी जवळची, हे आम्ही तिला कधी विचारले आहे?

प्रवचनाच्या मध्येच लोकांनी हात वर करावेत असे मी म्हणत नाही. वेदी म्हणजे चावडी नव्हे. पण प्रवचन हाच बोलण्याचा एकमेव प्रकार होऊन बसला, आणि धर्मग्रामाची बैठक, विवाहपूर्व मार्गदर्शन, शाळेतील पालकसभा, इतकेच काय, घरातील जेवणही प्रवचनासारखेच होऊ लागले, तर रोग त्यात आहे. ‘मी बोलतो, तुम्ही ऐका’ ही रीत वेदीवरून उतरून आपल्या ओटीवर येऊन बसली आहे.

या रीतीची किंमत काय असते, ते जगाने २७ मार्च १९७७ रोजी पाहिले. कॅनरी बेटांपैकी तेनेरीफ येथील लॉस रोदेओस विमानतळावर दाट धुके होते. डच कंपनीचे एक जंबो विमान धावपट्टीच्या टोकाशी उड्डाणासाठी उभे होते; अमेरिकन पॅन ॲम कंपनीचे दुसरे जंबो त्याच धावपट्टीवरून हळूहळू सरकत होते. धुक्यामुळे ती एकमेकांना दिसत नव्हती. डच वैमानिकांनी आपण उड्डाणाला लागलो आहोत अशा आशयाचे संदिग्ध शब्द नियंत्रकाला कळवले. नियंत्रक म्हणाला, “ओके”, आणि पुढे म्हणाला, थांबा, मी कळवतो. त्याच क्षणी अमेरिकन वैमानिक म्हणत होते, आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन आवाज एकमेकांवर आदळले आणि डच विमानात ‘ओके’च्या पुढे नुसती शिट्टी ऐकू आली. तरीही एक माणूस जागा होता. विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारले, ते दुसरे विमान अजून बाजूला झालेले नाही काय? कप्तान हा त्या कंपनीचा नामांकित ज्येष्ठ वैमानिक, इतरांना शिकवणारा. तो ठासून म्हणाला, झाले आहे की. इंजिनिअरने पुन्हा विचारले नाही. काही सेकंदांत दोन्ही विमाने धडकली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली.

‘परत कसं विचारायचं?’ आमचे काका आणि तो इंजिनिअर यांत मला फरक दिसत नाही.

त्या दुर्घटनेनंतर विमानजगताने काय केले ते पाहण्यासारखे आहे. लोक ऐकत नाहीत अशी तक्रार करीत ते बसले नाहीत. ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, असे ठरले. मोघम ‘ओके’वर विसंबायचे नाही, महत्त्वाची सूचना ऐकणाऱ्याने आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवायची, या शिस्तीवर भर आला. आणि कनिष्ठाने शंका बोलून दाखवली पाहिजे व ज्येष्ठाने ती ऐकून घेतली पाहिजे, याचे रीतसर प्रशिक्षण सुरू झाले. विमान चालवणाऱ्यांना जे मान्य करावे लागले ते आत्म्यांची जोपासना करणाऱ्यांना कमीपणाचे वाटावे काय?

शेवटचा आक्षेप शास्त्राधाराचा आहे. एका विद्वान मित्राने मला सुनावले, “जखऱ्याने देवदूताला प्रश्न विचारला आणि तो मुका झाला, हे विसरू नका.” मी विसरलेलो नाही. पण संत लूकच्या त्याच पहिल्या अध्यायात, काही ओळी पुढे, आणखी एक व्यक्ती त्याच देवदूताला प्रश्न विचारते. पवित्र मरियेचा होकार आपण तिन्ही त्रिकाळ देवदूताच्या प्रार्थनेत आठवतो, आणि त्या होकाराआधी तिने हे कसे होईल असे विचारले होते, हे सोयिस्करपणे विसरतो. जखऱ्याने खात्रीसाठी पुरावा मागितला होता. मरियेने समजून घेण्यासाठी विचारले. देवदूताने तिला ‘उलट बोलू नकोस’ म्हटले नाही. त्याने समजावून सांगितले, वर तिच्या नात्यातील अलीशिबेचे उदाहरण दिले, आणि मगच तिने होकार दिला. तारणाच्या इतिहासातील सर्वांत मोठा होकार एका प्रश्नानंतर आला आहे. जो होकार प्रश्नाला भितो, त्याला मरियेचे नाव देऊ नये.

आणि हे काही माझे नवे मत नव्हे. पोप सहावे पॉल यांनी १९६४ सालच्या आपल्या पहिल्याच परिपत्रकात संवादाची चार लक्षणे सांगितली : स्पष्टता, सौम्यता, विश्वास आणि विवेक. ऐकणाऱ्याची कुवत आणि स्थिती ओळखून बोलणे, हा त्या विवेकाचा अर्थ. ऑक्टोबर २०२३ मध्ये रोम येथे सिनड भरली तेव्हा बिशप, धर्मभगिनी आणि प्रापंचिक गोलमेजांभोवती एकत्र बसले. प्रत्येकाने बोलायचे, मग सर्वांनी मौन पाळायचे, मग इतरांच्या बोलण्यातून आपल्याला काय भिडले ते सांगायचे, अशी रीत होती. रोममध्ये टेबले गोल झाली. आमच्या धर्मग्रामांच्या सभागृहांत खुर्च्या अजून रांगेने एकाच दिशेला तोंड करून मांडलेल्या आहेत.

घरांविषयीही बोलले पाहिजे, कारण मूल पहिला ‘हो’ तेथे शिकते. “उलट विचारू नकोस” हे ऐकत वाढलेले मूल दहावीत बापाला ‘हो’ म्हणते, नोकरीत साहेबाला ‘हो’ म्हणते आणि लग्नात जोडीदाराला ‘हो’ म्हणते. मोडकळीस आलेले कितीतरी संसार माझ्यापुढे येतात. त्यांत भांडणाऱ्यांपेक्षा मला भीती वाटते ती वर्षानुवर्षे परस्परांना ‘हो’ म्हणत आलेल्यांची. भांडणारे निदान एकमेकांना अडवतात. समजून नाकारणाऱ्या माणसाशी उद्या पुन्हा बोलता येते. न समजता होकार देणारा माणूस आपल्या हातून केव्हा निसटला, ते कळतही नाही.

मग करावयाचे काय? फार मोठे काही नाही. ‘कळलं ना?’ हा शब्दप्रयोग मी सोडला आहे. निदान सोडण्याचा प्रयत्न करतो. त्याऐवजी म्हणतो, “मी नीट सांगितलं की नाही ते मला पाहायचंय. घरी गेल्यावर सूनबाईला काय सांगाल, ते मला सांगा.” यात परीक्षा माझी होते, समोरच्याची नव्हे. दुसऱ्या मिस्सेनंतर मी देवळाच्या आवारातील आंब्याखालच्या बाकावर अर्धा तास बसतो. पहिले तीन रविवार कोणी फिरकले नाही. चौथ्या रविवारी आठवीतला एक मुलगा आला आणि म्हणाला, “फादर, देहधारणा म्हणजे काय?” तो शब्द मी त्या सकाळी कितीदा उच्चारला होता कोण जाणे. आता पाचसात माणसे येतात. त्यांच्या प्रश्नांतून मला कळते, की मी काय बोललो.

काका बरे आहेत. मागच्या महिन्यात ते नवा कागद घेऊन आले. मी वाचून सांगितले. काका निघाले, दारापर्यंत गेले, आणि वळून म्हणाले, “फादर, थांबा. अर्धी गोळी रात्रीची म्हणालात, का सकाळची?” मी कागद पुन्हा पाहिला. अर्धी गोळी सकाळची होती. मी दोन ओळींची अदलाबदल करून सांगितली होती.

म्हणून, वाचकहो, माझी आपणाला हात जोडून विनंती आहे. येत्या रविवारी आपल्या धर्मगुरूंचे बोलणे कळले नाही तर ‘हो, फादर’ म्हणून घरी जाऊ नका. थांबा आणि विचारा. आणि संध्याकाळी जेवताना तुमच्या मुलाने तुम्हाला पुन्हा विचारले, तर त्याच्यावर डोळे वटारू नका.